शब्द पाळणारा परमेश्वर

कात्रपसारख्या वस्तीत माणसाचा प्रत्येक दिवस कशावर तरी विसंबून सुरू होतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्थानक सुमारे 68 किलोमीटरवर आहे. पहाटेच्या काळोखात घर सोडणारा नोकरदार लोकल येईल या भरवशावर स्थानक गाठतो. पाणी येईल या भरवशावर गृहिणी पिंप धुऊन ठेवते. पुढच्या महिन्याचा पगार होईल या भरवशावर घराच्या कर्जाचा हप्ता ठरतो. या भरवशांना तडे जातात, हेही आपण जाणतो. कधी गाड्या रखडतात, कधी नळ कोरडा राहतो, कधी कारखान्याला टाळे लागते, तर कधी रुग्णालयातल्या एका तपासणीच्या कागदाने घराचे सारे बेत कोसळतात.

मग ज्यावर निश्चिंतपणे भार टाकावा असे काही या जगात आहे काय, हा प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर स्पष्ट आहे : परमेश्वर विश्वसनीय आहे. देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून हे उत्तर देणे सोपे असते. पण आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागून काढणाऱ्या आईला ते तितकेसे सोपे वाटत नाही. म्हणून परमेश्वर विश्वसनीय आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, त्याने आपल्याला कोणता शब्द दिला आहे आणि कोणता दिलेला नाही, याचा शांतपणे विचार करणे हिताचे ठरेल.

'आमेन' या शब्दाचा अर्थ

पवित्र मिस्साबलिदानात आपण 'आमेन' हा शब्द कितीतरी वेळा उच्चारतो. सवयीमुळे तो प्रार्थनेच्या शेवटी येणाऱ्या पूर्णविरामासारखा झाला आहे. वास्तविक हा हिब्रू भाषेतला अत्यंत वजनदार शब्द आहे. तो ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ पक्के असणे, स्थिर असणे, भार पेलण्याइतके मजबूत असणे असा आहे. 'विश्वास ठेवणे' यासाठीचा हिब्रू शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे.

1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात या नात्याकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. 'आमेन' या एकाच शब्दात परमेश्वराची आपल्याविषयीची निष्ठा आणि आपला त्याच्यावरचा विश्वास या दोन्ही गोष्टी सामावतात, असे तो ग्रंथ शिकवतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 65 व्या अध्यायात तर परमेश्वराला 'आमेनचा देव' या अर्थाचे नाव दिले आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. आपला विश्वास बळकट आहे की दुबळा, यावर परमेश्वराची विश्वसनीयता अवलंबून नाही. पूल पक्का असेल, तर धीट माणूस त्यावरून पलीकडे जातो आणि भित्रा माणूसही जातो. पूल दोघांनाही सारखाच पेलतो. आपला विश्वास कमी पडला म्हणून देवाने हात सोडला असेल, या विचाराने पुष्कळ भाविक मनातल्या मनात खचतात. अशांनी संत पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातील दुसरा अध्याय अवश्य वाचावा. आपण अविश्वासू झालो तरी ख्रिस्त विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःचा स्वभाव नाकारता येत नाही, असे तेथे सांगितले आहे.

घराचा करार आणि देवाचा करार

बायबलच्या दोन भागांना आपण 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतो. योगायोग असा, की घर घेताना ज्या कागदावर आपण सह्या करतो, त्यालाही मराठीत करारच म्हणतात. बदलापूर परिसरात अनेक कुटुंबांनी आयुष्याची पुंजी अशा एका करारावर लावलेली आहे. त्यामुळे कराराचे महत्त्व येथील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. घराचा ताबा ठरल्या वेळी मिळेल, हा शब्द इतक्या ठिकाणी मोडला जाऊ लागला, की ग्राहकांच्या संरक्षणासाठी 2016 मध्ये केंद्राला कायदा करावा लागला आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात 'महारेरा' हे प्राधिकरण स्थापन झाले.

अशा व्यावहारिक करारात दोन पक्ष असतात. एकाने अट मोडली, तर दुसरा मोकळा होतो. परमेश्वराचा करार मात्र या मापाने मोजता येत नाही. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात त्याचे विलक्षण चित्र आहे. त्या काळी करार करताना प्राण्यांचे दोन भाग करून समोरासमोर ठेवीत आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो, असा त्याचा अर्थ होता. अब्रामाने तशी सारी मांडणी केली. पण सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली. अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या भागांमधून पुढे सरकली. परमेश्वराच्या उपस्थितीची ती खूण होती. अब्राम मात्र त्या वाटेने चाललाच नाही. करार पाळण्याचा सारा भार परमेश्वराने एकट्याने आपल्या शिरावर घेतला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी तो करार पुनःपुन्हा मोडला, तरी परमेश्वर त्यातून मोकळा झाला नाही. अखेर शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या रक्तात नवा करार केला आणि दुसऱ्या दिवशी माणसाने मोडलेल्या शब्दाची किंमत स्वतःच्या देहाने चुकती केली. आपण मिस्साबलिदानात सहभागी होतो, तेव्हा याच कराराची आठवण करतो आणि त्यात नव्याने सामील होतो.

पूर आला तेव्हा

येथे खरा अवघड प्रश्न येतो. परमेश्वर शब्द पाळतो, तर मग संकटे का येतात? कात्रपच्या वाचकाने हा प्रश्न केवळ पुस्तकात वाचलेला नाही. बदलापूरची तहान भागवण्यासाठी ज्या उल्हास नदीचे पाणी उचलले जाते, तीच नदी जुलै महिन्यात घरात शिरते. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्या आपत्तीत राज्यात एक हजाराहून अधिक माणसे दगावली. 2019 आणि 2021 च्या जुलैतही बदलापूरच्या सखल भागांत पाणी भरले.

27 जुलै 2019 ची घटना अनेकांच्या स्मरणात असेल. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे 1,050 प्रवासी होते आणि त्यांत नऊ गर्भवती स्त्रियाही होत्या. चहूकडे पाणी होते आणि मदत दृष्टीस पडत नव्हती. गाडीतून खाली उतरू नका, तेच सध्या सुरक्षित ठिकाण आहे, असे आवाहन रेल्वे प्रशासनाने केले. कित्येक तासांनी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी पोहोचल्या. नौदलाची पथके आली. जवळपासच्या गावांतील लोकही धावून आले. सारे प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

या घटनेकडे पाहून देवाने वाचवले असे म्हणणे योग्यच आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असणेही योग्य आहे. पण तेथेच थांबलो, तर 2005 साली जे वाचले नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणणार? त्यांच्या बाबतीत परमेश्वराने शब्द मोडला काय? की त्यांची श्रद्धा उणी पडली?

प्रभू येशूने या दुसऱ्या कल्पनेला स्वतःच नकार दिला आहे. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे समजू नका, असे त्याने ठामपणे सांगितले. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. म्हणून जो वाचला तो देवाचा लाडका आणि जो गेला तो देवाने टाकलेला, असा हिशेब ख्रिस्ती माणसाने मांडू नये. शोक करणाऱ्या कुटुंबापुढे तर तो कधीच मांडू नये.

शब्द कोणता दिला आहे?

संत मार्कच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायात वादळाचा प्रसंग आहे. मचव्यात पाणी भरू लागले आहे, शिष्य घाबरले आहेत आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपला आहे. आपण बुडत आहोत याची तुला काळजी नाही काय, अशी तक्रार शिष्य करतात. 27 मार्च 2020 रोजी कोविडची साथ ऐन भरात असताना पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या निर्जन चौकात उभे राहून याच उताऱ्यावर मनन केले होते. त्या दिवसांत आपल्याकडेही चर्चची दारे बंद होती आणि कित्येकांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीलाही जाता आले नव्हते.

या उताऱ्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पलीकडच्या तीरावर जाऊ या, असे प्रभूनेच सुचवले होते. वादळ येणार नाही, असे मात्र त्याने म्हटले नव्हते. आणि वादळ आले तेव्हा तो किनाऱ्यावर उभा नव्हता. तो त्याच मचव्यात होता. मचवा बुडाला असता, तर त्यांच्यासह तोही बुडाला असता.

परमेश्वराने दिलेला शब्द असा आहे. आजार येणार नाही, नोकरी जाणार नाही, पाणी घरात शिरणार नाही, असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. मी तुम्हांबरोबर राहीन आणि मरणदेखील तुम्हांला माझ्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही, हा त्याचा शब्द आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी संत पौल याच गोष्टीची खात्री देतो. त्याने न दिलेली वचने आपण त्याच्या नावावर मांडतो आणि ती पूर्ण झाली नाहीत की तो विश्वासघातकी ठरला असे मानतो. पुष्कळांची श्रद्धा अशाच चुकीच्या हिशेबापायी मोडते.

स्वतः प्रभू येशूच्या बाबतीतही पित्याने क्रूस टाळला नाही. गेथशेमानी बागेतील ती मागणी मान्य झाली नाही. क्रूसावर तर देवाने आपल्याला का सोडले, असा आक्रोश त्याने 22 व्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत केला. ते स्तोत्र परित्यक्ततेने सुरू होते आणि स्तुतीने संपते. शुक्रवार ते रविवार एवढ्या अवधीत त्याचा तोच क्रम प्रत्यक्षात उतरला. पित्याने शब्द पाळला, पण तो मरणाच्या पलीकडे जाऊन पाळला. आपल्या मृतांविषयीची आपली आशा याच पुनरुत्थानावर उभी आहे.

भग्न नगरातील स्तुती

परमेश्वराच्या निष्ठेचे बायबलमधील एक अत्यंत सुंदर गुणगान विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्याची दया संपत नाही, ती दर सकाळी नवी होते, असा त्याचा भावार्थ आहे. हे उद्गार कोठून आले, याचा विचार केला म्हणजे मन स्तब्ध होते. इसवी सनपूर्व 587 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले; मंदिर जाळले; लोकांना बंदिवान करून नेले. त्या राखेत बसून हा विलाप रचला गेला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींत उपासमार आहे, अपमान आहे, देवाकडे थेट तक्रारही आहे.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की रडणे आणि तक्रार करणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्याच्याशी नाते उरलेले नाही, त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही. दुसरा धडा असा, की परमेश्वराच्या निष्ठेची ओळख पटण्यासाठी सारे सुरळीत होण्याची वाट पाहावी लागत नाही.

ही ओळख नेहमी गोड अनुभूतीच्या रूपानेच होते असेही नाही. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. गरिबांची सेवा सुरू केल्यानंतर कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाच्या सान्निध्याचा अनुभव येत नव्हता. अंतःकरणात अंधार होता. तरीही त्या रोज पहाटे उठल्या, प्रार्थनेला बसल्या आणि मरणोन्मुख माणसांच्या सेवेला गेल्या. भावना आटल्या तरी त्यांनी दिलेला शब्द पाळला, कारण देवाने आपला शब्द पाळला आहे यावर त्या विसंबून होत्या. 4 सप्टेंबर 2016 रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

व्हिएतनामचे बिशप व्हान थुआन यांना 1975 मध्ये अटक झाली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते आणि त्यांपैकी नऊ वर्षे त्यांनी एकांतवासात काढली. पोटाचे औषध म्हणून मिळवलेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते गुपचूप मिस्सा अर्पण करीत. तुरुंगाचे दार उघडले जाईल याची त्यांना खात्री नव्हती. आपल्या ओंजळीत प्रभू आहे, याची मात्र होती.

विश्वास आणि दुःसाहस

परमेश्वरावर विसंबणे म्हणजे हातपाय न हलवता बसणे नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूला सुचवले होते. त्याने स्तोत्रसंहितेतील वचनही पुढे केले होते. प्रभूने ते नाकारले, कारण देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. पुलावरून पाणी वाहत असताना देव तारील म्हणून गाडी घालणारा, किंवा प्रार्थनेने बरे वाटेल म्हणून डॉक्टरांचे औषध बंद करणारा मनुष्य विश्वासाचे नव्हे, तर त्या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण होय.

साठवण करणे हीदेखील अश्रद्धा नव्हे. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, म्हणून दुष्काळात लोक जगले. बचत, विमा, औषधोपचार, पावसाळ्यापूर्वी नाल्यांची सफाई या गोष्टी विवेकाच्या आहेत. मात्र साठवलेले हेच आपले तारण, असे वाटू लागले की घोटाळा होतो. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो रोजच्यापुरता. उद्यासाठी म्हणून ज्यांनी तो ठेवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. फक्त शब्बाथासाठी सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. चाळीस वर्षे दररोज सकाळी लोकांना पुन्हा हात पुढे करावा लागला. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपणही रोजच्या भाकरीचीच मागणी करतो. वर्षभराच्या चिंतेचे ओझे घेऊन झोपणाऱ्याला या प्रार्थनेत मोठा दिलासा आहे, कारण उद्याची कृपा उद्या मिळणार आहे.

आपणही विसंबण्याजोगे व्हावे

निर्गमच्या सतराव्या अध्यायात मोशेची एक कथा आहे. लढाई चालू असताना तो टेकडीवर हात उंचावून उभा होता. हात थकून खाली येऊ लागले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले आणि सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहिले. या 'स्थिर' शब्दासाठी मूळ हिब्रूत 'एमुना' हा शब्द आहे. तो 'आमेन'च्याच धातूपासून आलेला आहे आणि परमेश्वराच्या निष्ठेसाठीही तोच वापरला जातो. मोशेचे हात स्वतःच्या बळावर स्थिर राहिले नाहीत. ते इतरांनी धरले म्हणून स्थिर राहिले.

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील प्रवाशांपर्यंतही मदत माणसांच्या हातांनीच पोहोचली. परमेश्वर आपली निष्ठा बहुधा अशीच प्रकट करतो. म्हणून त्याच्या विश्वसनीयतेविषयी बोलणाऱ्या समाजाने स्वतःही विसंबण्याजोगे असले पाहिजे. गावापासून, आईवडिलांपासून आणि जुन्या धर्मग्रामापासून दूर येऊन येथे घर घेतलेल्या कुटुंबाला संकटात हाक मारायला कोण आहे? रात्री रुग्णवाहिकेबरोबर जायला कोण तयार होईल? नोकरी गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलांची फी कोण भरील? येतो म्हणून आजाऱ्याला सांगितले, तर त्या दिवशी खरोखर जाणे, उसने घेतलेले पैसे ठरल्या तारखेला परत करणे, लग्नात दिलेला शब्द कठीण दिवसांतही सांभाळणे, मुलांना कबूल केलेला वेळ त्यांना देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी आहेत. ज्या मुलाने घरात शब्द पाळलेला पाहिला आहे, त्याला देव शब्द पाळतो हे धर्मशिक्षणाच्या वर्गात वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

आपल्याकडून शब्द मोडले जातात, हेही खरे. त्यासाठीच प्रायश्चित्त संस्कार आहे. तेथे गेल्यावर आपल्याला कळते, की करार आपण मोडला असला तरी त्याने तो सोडलेला नाही.

दररोज रात्री कुटुंबाने एकत्र प्रार्थना करताना त्या दिवशीची एक गोष्ट नावानिशी आठवावी, ज्यात परमेश्वराने आपल्याला धरून ठेवले. कोणाचा आलेला दूरध्वनी असेल, कोणी लोकलमध्ये दिलेली बसायची जागा असेल, वेदनेतही लागलेली तासाभराची झोप असेल. ज्या दिवशी असे काहीच आठवणार नाही, त्या दिवशी विलापगीताच्या कर्त्याप्रमाणे तेही मोकळेपणाने सांगावे. परमेश्वराला ती प्रार्थनाही प्रिय आहे.

आणि येत्या रविवारी मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर स्वीकारताना आपण 'आमेन' म्हणू, तेव्हा त्या शब्दाचे वजन ध्यानी घेऊन तो उच्चारावा. जो आपला भार पेलण्यास समर्थ आहे, त्याच्यावर आपण आपला भार टाकत आहोत, एवढाच त्याचा अर्थ आहे.